बेपत्ता चोपन्न

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातून परत न आलेल्या, पण ज्यांचा मृत्यूही सिद्ध झाला नाही अशा भारतीय सैनिक व अधिकाऱ्यांना उद्देशून रूढ झालेले नाव. भूदल आणि हवाई दल या दोन दलांतील माणसे त्यांत प्रामुख्याने आहेत. ही माणसे पाकिस्तानच्या ताब्यात असावीत असे भारत सरकार सांगत आले. आपल्या तुरुंगात एकही भारतीय युद्धकैदी नाही, असे पाकिस्तानचे उत्तर असते.

युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब सोडावे लागते. त्याआधी त्यांची नावे पकडणाऱ्या देशाने रेड क्रॉसच्या मध्यवर्ती तपास यंत्रणेमार्फत कळवायची असतात. सगळी व्यवस्था या नावावर उभी आहे. जे नाव कळवलेच नाही, त्याची सुटका कोणत्या कागदाच्या आधारे मागायची?

पूर्व आघाडीवरील शरणागतीनंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात आले. पश्चिम आघाडीवर पकडलेल्यांची अदलाबदल डिसेंबर १९७२ मध्ये झाली. तेव्हा परतलेल्या वैमानिकांत दिलीप परुळकरही होते. रावळपिंडीच्या छावणीतून दोन साथीदारांसह पळून अफगाण सीमेजवळ पुन्हा पकडले गेलेले हेच ते. बाकीचे पाकिस्तानी कैदी १९७३ च्या दिल्ली करारानंतर परत गेले. एवढे मोठे पारडे हातात असताना आपल्या माणसांचा पुरता हिशेब का घेतला नाही, हा कुटुंबीयांचा सवाल आजही बिनतोड आहे. मात्र बेपत्तांपैकी काहींची नोंद तेव्हा आपल्याच दप्तरात ‘ठार’ अशी होती, हेही विसरता येत नाही.

मेजर अशोक सुरी यांचे प्रकरण असेच आहे. ते ठार झाल्याचे घरी कळवण्यात आले होते. डिसेंबर १९७४ मध्ये वडिलांच्या हाती चिठ्ठी पडली, आपण ठीक आहोत एवढाच तिचा आशय. पुढच्या वर्षी कराचीहून दुसरे पत्र आले. सरकारशी संपर्क साधा, येथे आम्ही वीस अधिकारी आहोत, असे त्यात लिहिले होते. अक्षर तपासले गेले आणि ‘ठार’ची नोंद ‘बेपत्ता’ अशी बदलली. मेजर ए. के. घोष यांच्या बाबतीत पुरावा छायाचित्राचा होता: २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजांआडचा एक कैदी छापला गेला आणि घरच्यांनी त्याला ओळखले.

मराठी वाचकाला जवळचे नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे. सुखोई-७ विमानातून शोरकोट भागावर हल्ला करताना ते पाडले गेले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांविषयीच्या पाकिस्तानी वृत्तपत्रातील बातमीत त्यांचे नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. या शोधाचा पाठपुरावा त्यांनी अनेक दशके केला.

सगळे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. पत्र किंवा छायाचित्र मोजक्यांचे. बाकी आधार सुटून आलेल्या कैद्यांच्या सांगण्याचा, म्हणजे ऐकीव. चोपन्न हा आकडाही कागदपत्रांतून जुळवलेल्या यादीचा आहे, डोकी मोजून आलेला नाही. १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत दिलेल्या यादीत चाळीस नावे होती.

कुटुंबीयांना पाकिस्तानात दोनदा नेण्यात आले. १९८३ चा दौरा मुलतानच्या तुरुंगापुढे सरकला नाही. २००७ मध्ये चौदा नातेवाईक अनेक तुरुंगांत गेले. बरीच दप्तरे उर्दूत, ती नातेवाइकांना वाचता येईनात. ज्यांना शोधायचे ते कोणी भेटले नाहीत.

सात वर्षे खबर नसलेल्या माणसाला मृत मानण्याची तरतूद भारतीय पुरावा कायद्यात होती. निवृत्तिवेतन व वारसाहक्काचे प्रश्न तिने सुटू शकतात, शोधाचा सुटत नाही. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सरकारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्यास सांगितले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पाकिस्तान नाकारत असल्याने ही माणसे मरण पावली असावीत असे आपण धरतो, असे सरकारी बाजूने २०१५ मध्ये त्याच न्यायालयात सांगण्यात आले.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी व १ जुलैला परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या देतात. त्यांत मच्छीमार आणि इतर नागरिक असतात. बेपत्ता सैनिकांची मागणी भारत याच वेळी पुन्हा मांडतो. इतर काळातील सैनिक धरून संसदेत सांगितलेला बेपत्तांचा आकडा आता ८३ आहे.