बास्करव्हिलचं अक्षर आणि त्याचा कागद

इंग्रजी पुस्तकांतल्या अक्षरांच्या टोकांना जे बारीक आडवे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. सेरिफवाल्या अक्षरवळणांत मला सर्वांत देखणं वाटतं ते बास्करव्हिल. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने ते १७५० च्या दशकात घडवलं. हा माणूस आधी सुलेखन शिकवायचा आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरं कोरायचा. पुढे रोगण चढवलेल्या चकचकीत वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा कमावला आणि तो अक्षरांसाठी खर्च केला.

त्याच्या अक्षरात जाड रेघ ठसठशीत, तर बारीक रेघ अगदी नाजूक. स्मॉल ‘जी’ नीट पाहा: खालचं वेटोळं पूर्ण मिटत नाही, फट राहते. कॅपिटल ‘क्यू’ची शेपटी लांब आणि डौलदार. ही दोन अक्षरं सापडली की ओळख पटलीच म्हणून समजा.

पण एवढी बारीक रेघ छापायची कशी? तेव्हाच्या हातकागदावर साच्यातल्या तारांचे वळ उमटलेले असत. अशा खडबडीत, ओलसर कागदावर खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, दाबले की शाई कडेने फाकायची आणि नाजूकपणा बुजून जायचा. म्हणून बास्करव्हिलने निव्वळ अक्षर न बदलता सगळा छापखानाच सुधारला. छपाईयंत्राचा दाब सारखा बसेल असं केलं, शाई गडद काळी केली आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. १७५७ मध्ये त्याने प्राचीन रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं. त्यातले काही ताव बारीक विणलेल्या जाळीवर बनवलेल्या, वळ नसलेल्या कागदाचे होते. हे अक्षर कागद, शाई आणि यंत्र यांच्यासकटच जन्मलं, असं मला ठामपणे वाटतं.

समकालीनांना मात्र ते रुचलं नाही. बारीक रेघांमुळे देशभरचे वाचक आंधळे होतील, असं एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकी मुद्रक-मुत्सद्द्याला सांगितलं. फ्रँकलिनने त्याला कॅस्लन या दुसऱ्याच, लोकप्रिय वळणाचा नमुना दिला, वरचं नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून. गृहस्थाने त्यातले दोष भराभर दाखवले! हा किस्सा फ्रँकलिननेच १७६० च्या पत्रात बास्करव्हिलला कळवला.

आज कादंबरी, चरित्र, कवितासंग्रह अशा सलग वाचायच्या छापील मजकुरासाठी हे वळण फार चांगलं. मोठ्या आकारातल्या शीर्षकांनाही ते शोभतं. छोट्या आकारात पडद्यावर वापरताना मात्र जपून. धातूच्या खिळ्यांनी छापताना शाई थोडी पसरून बारीक रेघेला अंग देई. पडद्यावर तो आधार नाही, त्यामुळे रेघ फिकी पडते. म्हणूनच खास वेबसाठी काढलेल्या लिब्रे बास्करव्हिल या मोफत फाँटमध्ये जाड-बारीकमधला फरक थोडा कमी आणि छोटी अक्षरं जरा उंच ठेवली आहेत. संकेतस्थळावरच्या मजकुरासाठी तो निवडा आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडा.