वण पुन्हा चिघळला तर

उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर, हुक्केरी, निपाणीकडच्या गुऱ्हाळांवर काहिली उकळायला लागतात. या कामात हयात घालवलेल्या अनेकांच्या हातापायावर भाजल्याचा वण दिसतो. चुलीच्या नाहीतर स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बायका तर गावोगावी आहेत. जखम भरते, कातडी आखडते, माणूस विसरून जातो. मग वीस-तीस वर्षांनी त्याच वणाला चीर पडते, पाणी सुटतं. हळद होते, मलम होतं, आणि त्यातच सहा महिने निघून जातात. त्वचेच्या कर्करोगाबद्दल आपल्या सीमाभागातल्या माणसाला एकच गोष्ट सांगायची असेल, तर मी या वणाबद्दल सांगेन.

या रोगावर जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या लोकांना समोर ठेवून लिहिलेलं असतं. त्यात ऊन हाच मुख्य गुन्हेगार असतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य भरपूर असतं. ते पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरून अतिनील किरण अडवतं, त्यामुळे भारतात हा कर्करोग तुलनेने कमी आढळतो. पण कमी आढळतो म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही आणि निदानाला उशीर होतो. शिवाय आपल्याकडे तो बऱ्याचदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी निघतो.

जुन्या वणात होणाऱ्या या कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. जाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाने 1828 मध्ये वणावर उठणाऱ्या अशा व्रणांचं वर्णन केलं होतं. वण पुन्हा पुन्हा फुटतो आणि भरतो, तेव्हा तिथल्या पेशींना सतत विभागत राहावं लागतं, आणि प्रत्येक विभाजनात चुकीला वाव असतो. त्यात वणाच्या भागात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या कमी असतात, त्यामुळे बिघडलेल्या पेशींना हुडकणारी शरीराची पहारेकरी यंत्रणा तिथे नीट पोचत नाही. भाजल्याच्या वणाखेरीज कुष्ठरोग्याच्या तळपायावरची जुनी जखम, हाडापर्यंत गेलेला आणि वर्षानुवर्षं वाहणारा पू, यांतूनही हाच प्रकार होऊ शकतो. जखमेच्या कडा जाड होऊन बाहेर उलटल्या, आत मांस वाढायला लागलं, घाण वास सुटला, कपडा घासला तरी रक्त आलं, किंवा नुसती महिनाभर ती भरलीच नाही, तर तिचा तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

इथेच गाडी अडते. ‘हात लावला की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य बेळगावपासून अथणीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. ते खरं नाही. जागा बधिर करून जखमेच्या काठाचा छोटा तुकडा घेतात. त्याने त्वचेचा कर्करोग पसरत नाही. मोठ्या जखमेचे दोन-चार ठिकाणचे तुकडे मागितले तर शंका घेऊ नका, कारण एका ठिकाणी रोग सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं होत नाही.

कमरेकडेही लक्ष हवं. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. परकराच्या नाडीखालीही तो होतो. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची माहिती छापली. त्यातली एक परकर न घालता लुगडं नेसणारी होती आणि तिच्या जांघेतल्या गाठीपर्यंत रोग पोचला होता. कमरेवर काळा पट्टा तर आपल्या आया-आज्यांच्या अंगावर सर्रास असतो. नुसत्या पट्ट्याने घाबरायचं कारण नाही. पण तिथे खाज सुटत असेल, सालं निघत असतील, तर नाडी सैल करावी, तिची जागा बदलावी, रुंद पट्टीचा परकर वापरावा. जखम झाली आणि भरेना, तर वर सांगितलेला महिन्याचा नियम तिलाही लागू.

मेलॅनोमा हा सर्वांत घातक प्रकार आपल्या रंगाच्या लोकांत तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली जास्त दिसतो. म्हणून तो कुरूप किंवा नखुरडं समजला जातो, आणि मग त्यावर बिब्बा, चुना, नाहीतर ब्लेड चालतं. असं करू नका. काळा डाग दोन बाजूंनी सारखा नसेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, रुंदी सहा मिलिमीटरच्या पुढे असेल आणि मुख्य म्हणजे तो बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. एकाच नखाखाली काळी रेघ उमटून रुंदावत असेल आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर थांबायला वेळ नाही. शेतातून आल्यावर पाय धुताना तळवा उलटून पाहायला पैसे लागत नाहीत.

आणखी एक प्रकार, बेसल सेल कर्करोग (त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींचा), बहुधा नाकाजवळ, पापणीपाशी होतो. चकचकीत काळपट फोड, मध्ये खपली, खपली पडली की रक्त. तो क्वचितच शरीरात इतरत्र जातो, पण जागच्या जागी नाक-डोळा पोखरतो.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियाच. दिसणाऱ्या गाठीभोवतीची काही निरोगी कातडीही काढतात. बेसल सेलला चारेक मिलिमीटर, मेलॅनोमाला त्याच्या खोलीनुसार एक ते दोन सेंटिमीटर. कडा रोगमुक्त आहेत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या अहवालाला फार महत्त्व आहे. तो मागून घ्या आणि जपून ठेवा. मोठी जागा मांडीची कातडी लावून झाकतात. नाक गेलं असेल तर कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक घडवतात, आणि ही विद्या आपल्या मातीतली आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने असं नाक बसवलं होतं. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ती हकीकत छापून आली, आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने इंग्लंडमध्ये ती शस्त्रक्रिया केली.

रोग टाळण्याचं मोठं काम मात्र भाजल्या दिवसांतच होतं. खोल भाजलेली जागा आपोआप भरण्याची वाट न पाहता तिथे वेळेवर कातडी लावली, तर पुढचं फुटणं आणि चिघळणं पुष्कळ टळतं. उन्हाचा खरा धोका अंगात जन्मतः रंग नसलेल्यांना आणि झेरोडर्मा पिगमेंटोझम हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए या मुलांच्या पेशींना दुरुस्त करता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये दाखवलं. दहाव्या वर्षाच्या आतही त्यांना कर्करोग होऊ शकतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नं होणाऱ्या आपल्या भागात त्याची आठवण ठेवायला हवी. बाळ उन्हात नेताच चेहरा भाजल्यासारखा होत असेल, लहानपणीच तोंडभर काळे ठिपके उठत असतील, तर दाखवा.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षं डॉक्टर वारंवार बोलावतात, कारण रोग परतला तर बहुधा याच काळात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांपायी या फेऱ्या चुकतात. निदान घरी तरी पाहत राहा: पायाचं ऑपरेशन असेल तर जांघ, हाताचं असेल तर काख, चेहऱ्याचं असेल तर मान चाचपा. गाठ लागली आणि दुखत नसली तरी लगेच दाखवा, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.