तो, ती आणि ‘ते पिल्लू’: कार्टून फिल्ममधल्या बोलण्यामागची गोष्ट

माझी भाची सव्वापाच वर्षांची आहे, इंदूरलाच रामबागेत राहते. घरात आजी-आजोबांशी मराठी, शाळेत हिंदी नि इंग्रजी, आणि टीव्ही म्हणाल तर सगळा हिंदी. गेल्या दिवाळीत पाठीला टॉवेल बांधून ती गच्चीवर पळत होती आणि ओरडत होती, “घाबरू नका, मी येतो, मी वाचवतो!” आजी फराळाचं करता करता आतून म्हणाली, “अगं येते म्हण, येते.” तर पोरगी थांबली आणि अगदी सरळ म्हणाली, “येते म्हटलं तर मग मी ती होते ना, जिला वाचवतात ती.”

आता हेही सांगते की कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली, बायका अगदी सहज ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तिथल्या बोलीत ते बरोबरच आहे. पण आमच्या भाचीनं कोल्हापूर पाहिलेलं नाही. तिनं हे टीव्हीतून उचललंय, तिला कळलंय की वाचवणाऱ्याचं क्रियापद एक असतं आणि जिला वाचवतात तिचं दुसरं. हे तिच्यापर्यंत कसं पोचलं ते मला नीट मांडायचंय.

आधी त्या एका शब्दाचा घोळ, कारण मराठीत या विषयावर बोलायला बसलं की तिथेच गाडी अडते. लिंग. शाळेत ‘लिंग बदला’ म्हणून प्रश्न यायचा, राजा-राणी, शिक्षक-शिक्षिका, बोका-भाटी. फॉर्मवर लिंग म्हणजे पुरुष की स्त्री. शेजारी उज्जैन नि ओंकारेश्वर, तिथे ज्योतिर्लिंग. आणि शरीराचा अवयव तोही लिंगच. इंग्रजीत शरीराचं वेगळं आणि समाजानं ठरवलेलं वेगळं असे दोन शब्द आहेत, त्यातल्या दुसऱ्यासाठी मराठीत अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ केला, चांगला शब्द आहे पण तो पुस्तकातच राहिला, आमच्या घरात कोणी बोलत नाही, सगळे ‘जेंडर’ म्हणतात. त्याहून वाईट अवस्था ‘लैंगिक’ची. लैंगिक समानता, लैंगिक शिक्षण, लैंगिक शोषण, तिन्हीकडे तोच शब्द, मग ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिसराच अर्थ आधी येतो.

आमच्याकडच्या एका मंडळानं दोन वर्षांपूर्वी पालकांसाठी एक गप्पांचा कार्यक्रम ठेवला होता, बोर्डावर लिहिलं ‘बालचित्रपटांतील लैंगिक प्रतिमा’. संध्याकाळपर्यंत फोनावर फोन, मुलांना हे काय दाखवणार आहात म्हणून, एक आजोबा तर स्वतः येऊन बोर्ड पुसून गेले. दुसऱ्या दिवशी ‘कार्टूनमधली मुलं आणि मुली’ असं लिहिलं तर तेच आजोबा नातीला घेऊन पहिल्या रांगेत बसलेले. शब्द नीट नसला की विषय सुरूच होत नाही, हे मला तेव्हा पटलं.

आणि व्याकरणातलं तिसरं नाव, नपुंसकलिंग. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मराठीत बाळ, लेकरू, मूल, पिल्लू, कोकरू, वासरू, पाडस, जे जे म्हणून छोटं आणि जिवाला लागलेलं आहे ते सगळं ‘ते’मध्ये आहे, ‘बाळ रडतंय’, ‘लेकरू दमलं’, तिथे मुलगा का मुलगी हे विचारावंच लागत नाही. आपल्या भाषेतलं सगळ्यात प्रेमळ लिंग आहे ते आणि त्याला नाव मिळालं शिवीसारखं, वर्गात नुसता उच्चार झाला तरी पोरं खुदुखुदु हसतात. हिंदीत ही तिसरी जागाच नाही. म्हणून इंदूरच्या मराठी घरांत ‘ते’ हळूहळू गळत चाललंय. ‘ते कुत्रं आलं’ म्हणणारी आमची आजीची पिढी, आम्ही ‘तो कुत्रा आला’ म्हणतो आणि मुलं तर ‘वो आया’.

आता याचा कार्टूनशी संबंध काय, तर सगळाच. इंग्रजीत एखादा प्राणी पडद्यावर येऊन ‘मी येतोय’ अशा अर्थाचं काही बोलला तर क्रियापदावरून तो नर की मादी काही कळत नाही. हिंदीत डब करताना ‘आ रहा हूँ’ की ‘आ रही हूँ’ हे पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, सुटका नाही. मराठीत तर ‘येतोय’, ‘येतेय’ आणि वर कोणी दुसरा त्याच्याबद्दल बोलला की ‘येतंय’ सुद्धा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच मध्य प्रदेशातलं आहे, सिवनीचं जंगल. मोगलीची मूळ गोष्ट तिथली. त्यातला बघीरा, म्हणजे काळा बिबट्या, इंग्रजीत नर. १९६७ ते १९७१ च्या सुमारास रशियात त्याची कार्टून मालिका झाली, तिथे त्या प्राण्याचा शब्दच स्त्रीलिंगी, म्हणून बघीरा मादी झाली, डौलदार, आईसारखी, आणि तिथल्या मुलांना ती तशीच माहीत आहे. अजगराचं उलट, ‘का’ त्याचं नाव, मूळ गोष्टीत तो नर, पण २०१६ च्या सिनेमात त्याला बाईचा आवाज दिला, हिंदीतही बाईचाच, लगेच तो प्राणी भुलवणारी नागीण वाटायला लागला. गोष्ट तीच, फक्त आवाज आणि क्रियापद बदललं. आणि बल्लू? मराठीत अस्वल म्हणजे ‘ते’. पण ‘बल्लू’ असं नाव पडलं की ‘तो’. नाव दिलं की ‘ते’ संपतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

आणि कधी कधी आपली भाषा त्या सिनेमांपेक्षा जास्त खरी निघते. मुंगी ती, मधमाशी ती. १९९८ साली मुंग्यांवर एकाच वर्षात दोन मोठे सिनेमे आले, दोन्हींचा हिरो कामकरी मुंगी आणि तो पुरुष. २००७ मध्ये मधमाश्यांवर आला, तिथेही हिरो मुलगा. प्रत्यक्षात वारुळातल्या आणि पोळ्यातल्या सगळ्या कामकरी माद्या असतात. आजी ‘मुंगी बाई’ची गोष्ट सांगते तेव्हा ती विज्ञानाला धरून सांगत असते, तिला माहीत नसेल, पण आहे तसं. २००६ च्या एका सिनेमात तर गोठ्यातला हिरो बैल म्हणून बोलतो आणि त्याला कास दाखवलीये. ‘फाइंडिंग नेमो’तला मासा ज्या जातीचा, त्या जातीत मादी मेली की जोडीचा नर स्वतः मादी होतो, म्हणजे खरं पाहिलं तर नेमोचा बाबा त्याची आई व्हायला हवा होता. लहान मुलांच्या सिनेमात हे सांगा असं मी म्हणत नाही. पण ‘निसर्गात असंच असतं’ म्हणून जे दाखवतात ते निसर्गात नसतं, एवढं तरी माहीत असावं.

माणसांच्या सिनेमांवर बऱ्यापैकी मोजमाप झालेलं आहे. दोन भाषा-अभ्यासक बायकांनी २०१६ च्या सुमारास डिस्नेच्या राजकन्यांच्या सिनेमांतले संवाद मोजले, कोण किती बोलतं. जुन्या काळात, म्हणजे १९३७ ची ‘स्नो व्हाइट’, तिथे निम्मं-निम्मं, १९५० च्या ‘सिंड्रेला’त बायका जास्त, १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त तर सत्तर टक्क्यांच्या वर बायकाच बोलतात. आणि मग १९८९ पासून ज्याला नवा, पुढारलेला काळ म्हणतात तिथे उलटं झालं. ‘लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के पुरुष बोलतात, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये ७१, ‘अलादीन’मध्ये ९०. मर्मेडचं कोणी म्हणेल की तिचा आवाजच काढून घेतलाय, अर्धा सिनेमा ती मुकी आहे, कमी भरणारच. मग १९९८ च्या ‘मुलान’चं काय, जिथे मुलगी युद्धावर जाते, सगळ्यांना वाचवते? तिथे पुरुष ७७ टक्के, आणि ती मुलगा बनून बोलते ते शब्दही बाईच्याच खात्यात धरून. तिच्याबरोबरचा चिमुकला ड्रॅगन तिच्यापेक्षा जास्त बोलतो. २०१३ च्या ‘फ्रोझन’मध्ये दोन बहिणी हिरॉइन, तरी बायकांचा वाटा ४१ टक्के.

कारण साधं आहे, राजकन्या एकटी असते. तिच्या आजूबाजूचा दुकानदार, शिपाई, घोडा, खेकडा, मेणबत्ती, दिव्यातला जिन, सगळे ‘तो’. कोणी मुद्दाम ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण गर्दीतला कोणीही म्हणजे पुरुष हे लिहिणाऱ्यांच्या हातात बसलेलं आहे. त्याच मोजणीत कौतुकाचंही पाहिलं होतं, जुन्या सिनेमांत बाईला मिळणारं निम्म्याहून जास्त कौतुक दिसण्याचं, नव्यात ते बरंच खाली आलं आणि कामाचं, हुशारीचं वर गेलं. हे चांगलं झालं, पण त्याआधी वीसेक वर्षं ज्या मुली हे बघत मोठ्या झाल्या त्या मी आणि माझ्या मैत्रिणी.

‘मुलान’ हिंदीत डब करायचा म्हटलं तर काय होईल बघा. इंग्रजीत तिला फक्त आवाज जाड करावा लागतो. हिंदीत मात्र तिला प्रत्येक वाक्यात ‘मैं जाता हूँ, मैं करूँगा’ म्हणावं लागणार, एक ‘करूँगी’ सुटलं तर पकडली जाईल. खोटं बोलण्याची जबाबदारी क्रियापदावर येते. मराठीत तिला थोडी मोकळीक आहे, त्याकडे मी परत येते.

उच्चारांचंही थोडं सांगायला हवं. १९९७ मध्ये एका भाषाशास्त्रज्ञ बाईंचं काम आलं, त्यांनी डिस्नेची २४ कार्टून आणि त्यातली ३७१ पात्रं तपासली, परदेशी उच्चाराची पात्रं वाईट निघण्याचं प्रमाण अमेरिकन बोलणाऱ्यांच्या साधारण दुप्पट. ‘लायन किंग’मध्ये दोघे सख्खे भाऊ, राजा अमेरिकन बोलतो आणि दुष्ट काका ब्रिटिश. ‘अलादीन’मध्ये हिरो-हिरॉइन अमेरिकन आणि बाजारातले लोक अरबी वळणाचे, त्यातल्या एका गाण्यात अरबांबद्दल कान कापण्याची ओळ होती, ती १९९३ च्या कॅसेटमध्ये आक्षेपानंतर बदलली. आपल्याला हे समजायला लांब जावं लागत नाही. हिंदी सिनेमात भांडी घासणारी बाई आणि हवालदार कोणत्या उच्चारात बोलतात ते इंदूरच्या मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे, शाळेत आम्हाला त्यावरून चिडवलंय.

आपल्याकडची सुरुवात मात्र वेगळी होती आणि ती विसरली जाते. १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ ही छोटी कार्टून फिल्म, दूरदर्शनवर कितीतरी वर्षं लागायची. एका बाईंनी केलेली. त्यात लहान भाऊ विचारतो आणि ताई समजावून सांगते. माहिती असणारी मुलगी आहे! पुढे १९९३ मध्ये मोगली आला, मग रविवारची ‘डकटेल्स’मधली बदकं नि ‘टेलस्पिन’मधलं वैमानिक अस्वल, त्या अस्वलाची बॉस एक बाई होती, तेवढं मला तेव्हाही आवडायचं. १९९५ ला कार्टूनचं चॅनल आलं, २००५ नंतर जपानी मालिका हिंदीत आल्या आणि घराघरात बसल्या. डोरेमॉन आणि नोबिता दोघांचे हिंदी आवाज बायकांचे आहेत, जपानीतही बायकांचेच. म्हणजे बाई बोलते, पण मुलाचं. जपानीत ‘मी’साठीच वेगवेगळे शब्द, नोबिताचा मवाळ मुलाचा, जियानचा दांडगट, शिजुकाचा मुलीचा. हिंदीत सगळे ‘मैं’, मग फरक क्रियापदाच्या शेवटाला जाऊन बसतो.

आणि छोटा भीम, २००८ पासून. लॉकडाऊनमध्ये तो परत टीव्हीवर लागला तेव्हा, जून २०२० मध्ये, भीमनं त्याच्या मैत्रिणीला, चुटकीला, सोडून राजकुमारीशी लग्न केलं अशी बोंब उठली, चुटकीला न्याय द्या म्हणून लोक लिहायला लागले, शेवटी मालिका करणाऱ्यांना सांगावं लागलं की ही सगळी अजून मुलंच आहेत, कोणाचं लग्न झालेलं नाही. मला तेव्हा फार चीड आली होती. चुटकीबद्दल सगळा देश बोलला आणि बोलला कशावर, तर तिचं लग्न कोणाशी. ती एका भागात किती वाक्यं बोलते, गावावर संकट आलं की तिला कोणी काय विचारतं, यावर कोणीच नाही.

या उन्हाळ्यात त्याच मंडळात आम्ही मुलांचं शिबिर घेतलं. एक छोटी फिल्म आवाज बंद करून लावली, पावसात हरवलेलं कुत्र्याचं पिल्लू, आणि सात मुलांना सांगितलं की तुम्ही मराठीत आवाज द्या. पहिली पाच जणं ‘तो’ म्हणाली, त्यात तीन मुली. सहावी रामबागेतलीच, आजीकडे वाढलेली, तिनं म्हटलं, “ते भिजलंय. ते घाबरलंय.” बाकीची मुलं तिच्याकडे बघत राहिली. मग सातव्या मुलानं अगदी रास्त शंका काढली, “पण ते बोलेल तेव्हा काय म्हणेल, मी घरी जातो का मी घरी जाते?”

तिनं थोडा विचार केला. “मी घरी जाईन म्हणेल,” ती म्हणाली.