काच सांधायची: इपॉक्सीने की पॅरालॉइडने?

चवथीच्या आधी माळ्यावरून जुन्या काचेच्या हंड्या उतरवल्या की एखादीला तडा गेलेला असतो, एखादीचा काठ तुटलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, तर दोन ट्यूबांचा इपॉक्सी हातात येतो. संग्रहालयांत मात्र बरेचदा पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅक्रिलिक रेझिन वापरतात. त्याचे दाणे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावायचे. दोन्ही पारदर्शक असल्यामुळे लोक त्यांना एकाच माळेचे मणी समजतात.

इपॉक्सी नुसता वाळत नाही. रेझिन आणि हार्डनरची रासायनिक क्रिया होऊन तो घट्ट होतो, म्हणून पुन्हा विरघळतही नाही. काचेच्या संवर्धनासाठी वापरतात त्या एचएक्सटालसारख्या इपॉक्सीचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, साध्या काचेइतकाच, सुमारे १.५२ असतो, म्हणून सांधा जवळजवळ दिसेनासा होतो. तुकडे कोरडेच जुळवून टेपने धरायचे आणि फटीवर थेंब ठेवायचा. तो आपोआप आत ओढला जातो. पूर्ण घट्ट व्हायला मात्र आठवडा लागतो. दुकानातला नेहमीचा इपॉक्सी दाट असतो आणि काही वर्षांत पिवळा पडतो.

पॅरालॉइडचा अपवर्तनांक सुमारे १.४९, त्यामुळे सांध्याची रेघ किंचित दिसते, बुडबुडेही राहतात. पण तुकडा तिरका बसला तर अ‍ॅसिटोनने सांधा सोडवून पुन्हा जुळवता येतो. पणजीच्या वेळच्या हंडीसाठी मला हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो. शिवाय धक्का बसला तर सांधा सुटावा, शेजारची काच फुटू नये, त्यासाठीही पॅरालॉइड बरा.

कोकणात दोघांचीही परीक्षा असते. पॅरालॉइड ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, म्हणजे मे महिन्यात पत्र्याखाली तुकडा हळूहळू सरकू शकतो. पावसाळ्यात अ‍ॅसिटोन उडताना सांधा थंड होतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि तो पांढुरका होतो. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावं. इपॉक्सीलाही दमट हवा सोसत नाही, ओल काचेच्या कडेने आत शिरून पकड सैल करते. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट तर काचेवर या ओलीत फार टिकत नाही.

हंडीवर भट्टीत न भाजलेलं रंगकाम किंवा सोनेरी काम असेल तर अ‍ॅसिटोन तिथे लागू देऊ नका, रंग निघून येईल. आणि कशानेही सांधलेली हंडी पुन्हा आढ्याला टांगू नका, आत दिवाही लावू नका. सावलीतल्या कपाटात, बुडाला मऊ कापड देऊन ती उभी ठेवा.