कमी तापमानाच्या उष्णतेवरील टर्बाइनची संगणकीय रचना

कारखान्यांतील गरम धूर, इंजिने थंड करून निघालेले पाणी, उष्ण झरे अशा स्रोतांतून साधारण 80 ते 200 °से. तापमानाची उष्णता मिळते. तिच्यावर चालणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांचा व मार्गिकांचा आकार संगणकावर प्रवाहाची समीकरणे सोडवून ठरवण्याची ही पद्धत आहे.

या उष्णतेतून मुळातच थोडे हाती लागते. स्रोत 90 °से. आणि परिसर 30 °से. असेल, तर कार्नो मर्यादेनुसार, म्हणजे दोन तापमानांमधील उष्णतेपासून मिळू शकणाऱ्या कार्याच्या सैद्धांतिक कमाल मर्यादेनुसार, 16.5 टक्क्यांहून अधिक उष्णतेचे कार्यात रूपांतर होऊच शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. म्हणून टर्बाइनची कार्यक्षमता 80 वरून 84 टक्क्यांवर नेली, तर तेवढ्याच उष्णतेत 5 टक्के अधिक शक्ती मिळते, ही बाब मोलाची ठरते.

पाण्याऐवजी येथे पेंटेन, आयसोब्युटेन किंवा आर-245एफए यांसारखी कमी तापमानाला उकळणारी द्रव्ये वापरतात. या व्यवस्थेला सेंद्रिय रँकिन चक्र म्हणतात. अलास्कातील चेना येथे 2006 पासून अवघ्या 74 °से. पाण्यावर आर-134ए या शीतकाच्या साहाय्याने वीज निर्माण होऊ लागली. तेथील टर्बाइन शीतकरण यंत्राच्या कॉम्प्रेसरवरून घडवले होते.

खरी अडचण या द्रव्यांच्या स्वभावात आहे. त्यांचे रेणू जड असल्याने बाष्पातील ध्वनीचा वेग हवेतल्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. परिणामी नोझलमधला प्रवाह सहज स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगवान होतो, आघात तरंग उठतात आणि दाबातील ऊर्जा वाया जाते. शिवाय क्रांतिक बिंदूजवळ (जेथे द्रव आणि बाष्प यांतील फरक नाहीसा होतो) बाष्प आदर्श वायूसारखे वागत नाही. हवेसाठी लिहिलेली सूत्रे इथे जशीच्या तशी लावली, तर घनता चुकते आणि तिच्यामागे नोझलच्या घशाचे (सर्वांत अरुंद भागाचे) क्षेत्रफळही. त्यामुळे दाब, तापमान व घनता यांचा संबंध सांगणारे पेंग-रॉबिन्सन (1976) समीकरण किंवा त्याहून अचूक समीकरणे वापरून गुणधर्मांचे तक्ते आधीच तयार करतात. कूलप्रॉप ही त्यासाठीची मुक्त संगणक-संहिता आहे. माझ्या मते गणितासाठी प्रवाहाची जागा ज्या लहान कप्प्यांत विभागतात ती जाळी कितीही बारीक केली, तरी ही पायरी कच्ची राहिल्यास पुढचे सारे श्रम व्यर्थ जातात.

काम मध्यरेषीय गणिताने, म्हणजे प्रवाहाचा केवळ मधल्या रेषेवरचा सरासरी हिशेब करून, सुरू होते. त्यातून फेऱ्यांचा वेग, चाकाचा व्यास आणि पात्यांचे कोन ढोबळपणे ठरतात. मग त्रिमितीय प्रवाह सोडवतात. भिंतीलगत जाळी दाट ठेवतात आणि ती आणखी दाट करूनही उत्तर बदलत नाही ना, हे पाहतात. पात्याचे टोक व आवरण यांमधली फट लहान टर्बाइनमध्ये विशेष त्रासदायक असते: यंत्र लहान केले तरी फट त्या प्रमाणात लहान करता येत नाही, आणि तिच्यातून निसटणारे बाष्प काम न करताच जाते.

इष्टतम आकार शोधताना प्रत्येक पर्यायासाठी पूर्ण गणित करणे परवडत नाही. निवडक आकारांच्या निकालांवरून एक सोपे प्रतिरूप बांधतात आणि जनुकीय अल्गोरिदम (चांगल्या आकारांच्या संकरातून पिढ्यानपिढ्या अधिक चांगले आकार शोधणारी पद्धत) त्यावर शोध घेतो. मात्र केवळ एका कार्यबिंदूसाठी, म्हणजे तापमान व दाब यांच्या एकाच ठरावीक स्थितीसाठी केलेला शोध फसवा असतो. स्रोताचे आणि हवेचे तापमान ऋतूनुसार बदलते. त्यामुळे संपूर्ण वर्षाचे उत्पादन हेच उद्दिष्ट धरणे अधिक योग्य. पात्यांवरील ताण व कंपने यांचीही तपासणी करावी लागते.

निष्कर्ष पडताळण्यासाठी सेंद्रिय बाष्पांची मोजमापे लागतात आणि ती हवेच्या तुलनेत फारच थोडी आहेत. मिलान पॉलिटेक्निकमधील ट्रोव्हा आणि डेल्फ्ट विद्यापीठातील ऑर्किड ही प्रयोगसंयंत्रे याच कामासाठी उभारली आहेत.