हवाई दलाची वैमानिक कल चाचणी : पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वतयारी

भारतीय हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षांपैकी एकच परीक्षा अशी आहे की जी उमेदवाराला आयुष्यात फक्त एकदा देता येते. ती म्हणजे ‘सीपीएसएस’, अर्थात संगणकीकृत वैमानिक निवड प्रणाली. पूर्वी हेच काम ‘पीएबीटी’ (पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट) नावाची चाचणी करीत असे. तिची जागा डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या) प्रयोगशाळांनी हवाई दलासाठी विकसित केलेल्या या प्रणालीने घेतली. लेखी परीक्षा आणि मुलाखत वयोमर्यादेत पुन्हा देता येते. मात्र या चाचणीत एकदा अनुत्तीर्ण झालेला उमेदवार एनडीए (बारावीनंतरची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा), सीडीएस (पदवीधरांसाठीची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) किंवा एफकॅट (हवाई दलाची स्वतःची सामायिक प्रवेश परीक्षा) यांपैकी कोणत्याही मार्गाने पुन्हा आला, तरी फ्लाइंग ब्रँचसाठी त्याचा विचार होत नाही. बारावीत असताना मित्रांनी भरला म्हणून एनडीएच्या अर्जात हवाई दलाला पहिला पसंतीक्रम देणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण सतराव्या वर्षी फारशा तयारीविना दिलेली चाचणी पदवीनंतरही त्याच्या नावावर राहते.

पदवीधरांसाठीचा नेहमीचा मार्ग एफकॅटचा असल्याने पुढील माहिती प्रामुख्याने त्याविषयी आहे. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. उमेदवाराचे वय अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेला २० ते २४ वर्षे असावे लागते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा व्यावसायिक वैमानिक परवाना असल्यास कमाल मर्यादा २६ वर्षांपर्यंत जाते. वय अर्जाच्या तारखेला मोजले जात नाही, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते : जानेवारी २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी २ जानेवारी २००२ ते १ जानेवारी २००६ या काळात जन्मलेले उमेदवार पात्र होते. २५ वर्षांखालील उमेदवार अविवाहित असणे बंधनकारक आहे. स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही अर्ज करता येतो, आणि या मार्गाने मिळणारे अल्पसेवा कमिशन (ठरावीक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक) फ्लाइंग ब्रँचसाठी १४ वर्षांचे असते.

शैक्षणिक अटीत बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण आणि पदवीला किमान ६० टक्के गुण अपेक्षित आहेत. पदवी कोणत्याही शाखेची चालते. परंतु ‘प्रत्येकी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण गणितात ९० आणि भौतिकशास्त्रात ४८ गुण असलेल्या उमेदवाराची सरासरी कितीही चांगली दिसली तरी तो अपात्र ठरतो. दहावीनंतर पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी जाहिरातीतील बारावीची अट अर्जापूर्वी शब्दशः वाचावी. पदवीच्या अंतिम वर्षाला असलेल्यांना अर्ज करता येतो, मात्र कोणताही विषय राहिलेला नसावा आणि तोपर्यंतच्या सत्रांत ६० टक्के गुण असावेत.

यानंतर शरीराची मोजमापे घ्यावीत, आणि ती शुल्क भरण्याच्या आधी घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते. वैमानिकासाठी किमान उंची १६२.५ सेंटीमीटर, बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंटीमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटीमीटर असावी लागते. ही बंधने मनमानी नाहीत. लढाऊ विमानातून आसनासह बाहेर फेकले जाण्याची वेळ आली, तर लांब मांडीच्या वैमानिकाचे गुडघे समोरच्या चौकटीवर आदळू शकतात. आणि पाय आखूड असल्यास पेडल पूर्ण दाबता येत नाही. एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची किमान ६/९, तीही चष्म्याने ६/६ होणारी, अशी अपेक्षा असते. लेसर शस्त्रक्रिया केलेले उमेदवार ठरावीक अटींवर पात्र ठरतात. शंका असल्यास नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे हा छोटा खर्च आहे.

कागदपत्रांमध्ये सर्वांत जास्त अडचण नावाची येते. अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचे असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते आणि आधार कार्डावर बहुधा शेवटी, कधी वडिलांचे नाव गाळलेले, तर कधी स्पेलिंगच वेगळे. ही तफावत आधी दुरुस्त करून घ्यावी. निवड मंडळाकडे जाताना दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, आधार कार्ड, एफकॅटचे प्रवेशपत्र आणि पुरेशी रंगीत छायाचित्रे न्यावीत; कागदपत्रे मूळ व प्रतींसह असावीत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाचे प्रमाणपत्र आणि सरकारी नोकरीत असलेल्यांना ना हरकत प्रमाणपत्र लागते.

लेखी परीक्षा दोन तासांची, १०० प्रश्नांची आणि ३०० गुणांची असते. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. तीत उत्तीर्ण झालेल्यांना डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी यांसारख्या ठिकाणच्या हवाई दल निवड मंडळांकडे बोलावले जाते. पहिल्या दिवसाच्या चाळणीनंतर मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्य आणि मुलाखत होते, आणि मंडळाने शिफारस केलेल्या फ्लाइंग ब्रँचच्या उमेदवारांचीच सीपीएसएस घेतली जाते.

या चाचणीत पाठांतराला फारसा वाव नाही. आकलनाचा वेग, दिशांचे भान आणि हात, पाय व डोळे यांचा मेळ पाहिला जातो. तरीही विमानातील उपकरणे ओळखीची असतील, तर सूचना ऐकताना गोंधळ होत नाही. उंची दाखवणाऱ्या तबकडीत आखूड काटा हजार फूट आणि लांब काटा शंभर फूट दाखवतो. वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत), तर चढण्या-उतरण्याचा दर फूट प्रति मिनिट असा मोजतात. सर्वाधिक चुका कृत्रिम क्षितिजाच्या, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकडीच्या, बाबतीत होण्याचा संभव असतो : विमान डावीकडे कलले की तबकडीवरील क्षितिजरेषा डावीकडे वर चढलेली आणि उजवीकडे उतरलेली दिसते. स्वतःचे डोके डाव्या खांद्याकडे कलवून समोरच्या दाराची वरची चौकट न्याहाळली की हे चटकन उमगते. दिशा अंशांत सांगण्याचाही सराव करावा. ३५० अंशांवरून उजवीकडे ३० अंश वळल्यास विमान २० अंशांच्या दिशेला येते, ही बेरीज कागदाविना जमली पाहिजे.

हातापायांच्या मेळासाठी जुन्या चाचणीतील यंत्र समजून घेणे आजही उपयोगी आहे, कारण त्यात पेडल आणि दांड्याने एक ठिपका चौकटीत राखत असतानाच दिवे व आवाज यांना प्रतिसाद द्यावा लागे. विमानात दांडा मागे ओढला की नाक वर जाते आणि उजवे पेडल दाबले की ते उजवीकडे वळते. संगणकावरील खेळांत याच्या उलट सवय लागली असेल, तर ती काही आठवडे आधी मोडावी. जॉयस्टिकसह विमान-सिम्युलेटरवर रोज अर्धा तास पुरेसा आहे. हुबेहूब यंत्रावर यशाची हमी देणाऱ्या महागड्या वर्गांपेक्षा सूचना शांतपणे ऐकण्याची सवय आणि आदल्या रात्रीची पुरेशी झोप यांवर माझा अधिक विश्वास आहे.

चाचणीत अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने ग्राउंड ड्युटी (जमिनीवरील कामाच्या) शाखांचाही पर्याय दिला असेल आणि तेथील अटी तो पूर्ण करीत असेल, तर त्या शाखांसाठी त्याचा विचार होऊ शकतो. म्हणून अर्जातील पसंतीक्रम भरताना ते रकाने विचारपूर्वक भरावेत. उत्तीर्ण झालेल्यांना वैद्यकीय तपासणीसाठी दिल्ली किंवा बंगळूर येथील हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात पाठवले जाते, आणि अंतिम गुणवत्ता यादीत नाव आल्यास हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील अकादमीत रुजू होण्याचे पत्र येते.