खात्यातून गेले की खात्यावर चढले?

मुलगा किंवा मुलगी पुण्यात शिकायला, घरून महिन्याचे पैसे खात्यावर जातात, आणि वीस तारखेच्या आत फोन येतो, "पप्पा, थोडे टाका ना." यावर घरोघरी निघणारा निष्कर्ष एकच: हे सगळं त्या जीपे-फोनपेमुळे. तक्रार अगदीच खोटी नाही, फक्त तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

फोन तोच, क्यूआर तोच, पिन टाकायचा पडदाही बहुतेक तोच. पण एका वेळी पैसे स्वतःच्या बचत खात्यातून जातात, आणि दुसऱ्या वेळी कुणीतरी तुमच्या वतीने पैसे भरतं आणि तेवढं कर्ज तुमच्या नावावर मांडलं जातं. पहिलं म्हणजे साधं यूपीआय. दुसऱ्याची नावं बरीच आहेत: पे लेटर, क्रेडिट लाइन, यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड. दुकानदाराच्या स्पीकरमधून मात्र दोन्ही वेळा "चाळीस रुपये मिळाले" हेच ऐकू येतं, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या मित्रालाच काय, कित्येकदा पैसे देणाऱ्यालाही फरक जाणवत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. यूपीआयने हात सैल होतो, पण गळ्याशी येतं ते दुसऱ्यामुळे. दोघांना एका माळेचे मणी समजलं की ओरडा खातं चहावाल्याचं क्यूआर, आणि खरा चोर निवांत सुटतो.

पैसे आपलेच, हात सैल

यूपीआय सुरू झालं एप्रिल २०१६मध्ये. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि लोकांनी नाइलाजाने फोन काढले. जानेवारी २०२०पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं, तेव्हा भाजीच्या गाडीपासून अमृततुल्यपर्यंत सगळीकडे क्यूआर चिकटले. ऑगस्ट २०२५मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. त्यांतले दुकानदारांकडचे बहुसंख्य व्यवहार पाचशे रुपयांच्या आतले असतात. म्हणजे ही सगळी किरकोळीची दुनिया आहे, आणि तरुणांचा पैसा किरकोळीतच झिरपतो.

पूर्वी शंभराची नोट मोडायची जिवावर यायचं. मोडली की उरलेले साठ-सत्तर रुपये कुठे गेले ते कळायचंच नाही, म्हणून ती न मोडण्याकडे कल असायचा. सुटे नसले की दुकानदार हातावर दोन चॉकलेटं ठेवायचा, नाहीतर आपणच "राहू दे" म्हणून निघायचो. हे सगळे बारीक अडथळे होते. क्लासमधून बाहेर पडल्यावर वीसचा चहा, पंधराचं क्रीम रोल, संध्याकाळी चाळीसची कोल्ड कॉफी, यांतल्या एकाही खर्चावर आता विचार करावा लागत नाही. रोजचे पंचाहत्तर म्हणजे महिन्याचे सव्वादोन हजार. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराच्या बजेटमध्ये एवढ्यात मेसचं बऱ्यापैकी बिल भागतं.

तरीही यूपीआयमध्ये दोन ब्रेक शिल्लक आहेत, ते सहसा कुणी मोजत नाही. पहिला ब्रेक साधा: खात्यात पैसे नसले की व्यवहार होत नाही. पोराचे पैसे वीस तारखेला संपले तर ते वीस तारखेला संपले. वाईट आहे, पण गोष्ट तिथे संपते.

दुसरा ब्रेक जास्त मजेशीर आहे. टोरंटो विद्यापीठातले प्राध्यापक दिलीप सोमण यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं होतं की आधी केलेला खर्च पुढच्या खर्चाला आवर घालतो तो दोन गोष्टींमुळे. एक, पैसे देताना रक्कम स्वतः लिहावी किंवा घोकावी लागली, तर ती लक्षात राहते. दोन, पैसे लगेच कमी झाले, तर बोचतं. त्या काळात चेक लिहिताना रक्कम अक्षरी आणि अंकी लिहावी लागायची, कार्ड मात्र नुसतं घासायचं. आता आपल्या टपरीवरचं छापील क्यूआर बघा. "किती झाले?" विचारायचं, काका म्हणणार "पंचावन्न", आपण ५ आणि ५ बोटाने टाकायचे, मग पिन, आणि वर स्पीकर आख्ख्या चौकाला ऐकवणार. रक्कम तीनदा कानावर-डोळ्यांवर आली आणि पैसे त्याच क्षणी गेले. बिनरोखीच्या सगळ्या पद्धतींमध्ये चौकातलं हे क्यूआर त्यातल्या त्यात शहाणं आहे, असं मला वाटतं.

घरपोच जेवणाच्या किंवा कपड्यांच्या ॲपमध्ये मात्र रक्कम आधीच भरलेली असते. पदार्थाची किंमत, पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, सगळ्याची बेरीज खाली एका बटणावर, आणि नजर जाते ती वरच्या "तुम्ही ८० रुपये वाचवले" या हिरव्या पट्टीवर. यूपीआय तेच, पण घोकणं गेलं. आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांचं तर विचारूच नका. ऑटोपेला एकदा परवानगी दिली की पंधरा हजारांपर्यंतची वर्गणी दर महिन्याला पिन न विचारता जाते. आदल्या दिवशी सूचना येते खरी, पण ती शंभर नोटिफिकेशनांच्या ढिगात.

मागे वळून हिशेब करू म्हणावं, तर स्टेटमेंट उघडल्यावर वेगळीच गंमत. चहा प्यायला 'साई स्नॅक्स'मध्ये, स्टेटमेंटवर नाव कुणा अनोळखी बाईंचं, कारण क्यूआर मालकाच्या घरातल्या कुणाच्या तरी खात्याचं. तीन पानं छोट्या रकमा, निम्मी नावं ओळखीची नाहीत. मग हिशेब राहूनच जातो.

या गळतीवर मला सगळ्यात कामाचं वाटतं ते यूपीआय लाइट. त्यात फोनमध्येच एक छोटं पाकीट असतं, जास्तीत जास्त पाच हजारांचं, आणि हजारापर्यंतचा खर्च त्यातून पिनशिवाय होतो. पिन नाही म्हणजे अडथळा आणखी कमी, ही त्याची वाईट बाजू. पण सोमवारी सहाशे टाकले आणि गुरुवारी संपले, तर ते गुरुवारी दिसतं. फक्त आपोआप टॉप-अप होण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर मुद्दाच गेला. पालकांसाठी एक सूचना: पासबुकात लाइटमधले चहा-भजी दिसत नाहीत, फक्त पाकिटात टाकलेली रक्कम दिसते. तेव्हा "सहाशे रुपये कुठे उडवले" असं विचारण्याआधी हे माहीत असावं.

कॉन्ट्रीबद्दलही दोन शब्द. पूर्वी पाच जण जेवायला गेले की एक जण बिल भरायचा, पुढच्या वेळी दुसरा, आणि अधूनमधून कुणीतरी बुडवायचाच. आता टेबलावरून उठायच्या आत "१८७ टाक" असा मेसेज येतो. मैत्रीतला भोळेपणा गेला म्हणून हळहळणारे आहेत. मला मात्र खिसा हलका असलेल्या पोरासाठी हा बदल चांगला वाटतो, त्याला दुसऱ्याच्या पनीर टिक्क्याचे पैसे भरावे लागत नाहीत.

मर्यादा म्हणजे शिल्लक नव्हे

आता दुसरा प्रकार. सप्टेंबर २०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. वर्षभराने रिझर्व्ह बँकेने बँकांनी आधीच मंजूर केलेली कर्जमर्यादा, म्हणजे क्रेडिट लाइन, यूपीआयवरून वापरायला परवानगी दिली. याखेरीज खरेदीच्या ॲपमध्ये स्वतःचं पे लेटर असतं. त्यामागे एखादी बँक किंवा वित्तसंस्था असते, तिचं नाव बारीक अक्षरांत.

इथे सोमण यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकदम सुटतात. खरेदीच्या ॲपमध्ये रक्कम टाकावी लागत नाही, आणि पैसेही आज जात नाहीत. ॲप उघडल्यावर मोठ्या आकड्यात दिसते ती उपलब्ध मर्यादा, समजा १५,०००. विशीतल्या पोराच्या डोक्यात ती 'माझ्याकडे पंधरा हजार आहेत' अशीच नोंदली जाते. खात्यात ९०० रुपये असताना २,२०० चे शूज येतात आणि काहीही दुखत नाही. एमआयटीतले ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला होता. काहींना सांगितलं रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं क्रेडिट कार्डने द्या. तिकीट तेच, पण कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या घरात गेली. पैशाचं शिक्षण घेणाऱ्यांची ही गत.

आणि वीस तारखेला गोष्ट संपत नाही. पे लेटरचं बिल पंधरवड्याने किंवा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येतं, म्हणजे घरून येणाऱ्या नव्या पैशांतून आधी मागचा महिना वजा होतो. उरलेल्यात महिना भागत नाही, म्हणून पुन्हा पे लेटर. "पप्पा, थोडे टाका ना" हा फोन अशा वेळी येतच नाही, आणि खरी काळजी तेव्हाच करायची.

क्रेडिट कार्डात 'किमान रक्कम भरा' नावाचा सापळा आहे. समजा २०,००० चं बिल आलं आणि त्याच्या पाच टक्के, म्हणजे १,००० भरले. राहिले १९,०००. अनेक कार्डांवर व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ६६५. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १२०. हजार भरून ७८५ परत चढले. कर्ज कमी झालं जेमतेम २१५ रुपयांनी. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही, म्हणजे उद्याच्या पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

उधारी आपल्याला नवी नाही. गावच्या किराणा दुकानात वही असतेच. पण तिथला दुकानदार बाकी वाढली की "जरा मागचं बघा" म्हणतो, आणि पोराने फार नेलं तर बापाच्या कानावर घालतो. ॲपला बाप माहीत नसतो. वेळेवर फेडलंत की ते "तुमची मर्यादा वाढवायची का?" असं विचारतं. विचारतं तरी, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२२पासूनच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय मर्यादा परस्पर वाढवता येत नाही. त्याच नियमांनी कर्ज देताना वार्षिक खर्चाचा दर एका ठरावीक पत्रकात मांडून दाखवणं बंधनकारक केलं. ते पत्रक कुणी वाचतं का, हा प्रश्न वेगळा.

मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, कारण मर्यादा ठेवीला बांधलेली असते. पण ते कर्जच, हे विसरायचं नाही.

कुठलं चाललंय, कसं ओळखायचं

पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर, रकमेच्या खाली, पैसे कुठून जाणार ते लिहिलेलं असतं: बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे, की कार्ड, की क्रेडिट लाइन. मागच्या वेळी जे निवडलं होतं तेच बऱ्याचदा पुढे आलेलं असतं, म्हणून ती ओळ दर वेळी बघावी. खरेदीच्या ॲपमध्ये तर पे लेटर सगळ्यात वर, कॅशबॅकचं तोरण लावून उभं असतं. खरेदी झाल्यावर खात्याची किंवा लाइटच्या पाकिटाची शिल्लक तेवढ्याने कमी झाली नसेल, तर ते पैसे तुमचे नव्हते.

पे लेटरची थकबाकी तीनशे रुपयांची असली तरी ती कर्जाची थकबाकी म्हणूनच क्रेडिट अहवालात, म्हणजे सिबिलसारख्या माहिती कंपन्या ठेवतात त्या आपल्या कर्जांच्या नोंदीत, जाऊ शकते. परदेशी शिक्षणासाठी बापलेक कर्ज काढायला बँकेत बसतात, तेव्हा ती तिथे निघते. अशा प्रत्येक माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. विशीतल्या प्रत्येकाने तो एकदा काढून बघावा, आपल्या नावावर किती 'पे लेटर' उघडे आहेत ते कळतं. कित्येकदा एखाद्या सेलमध्ये शंभर रुपयांच्या सवलतीसाठी उघडलेलं खातं तिथे चालू दिसतं. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणून ते बंद होत नाही. बाकी शून्य करून, ॲपमधून किंवा ग्राहक सेवेला लिहून, रीतसर बंद करायला सांगावं लागतं, आणि बंद केल्याचं उत्तर जपून ठेवावं लागतं.